कोंड्याचा मांडा

कोंड्याचा मांडा करून खाणे, या शब्दांत मराठी भाषेने गरीब गृहिणीचा जो गौरव केला आहे, त्याहून मोठा गौरव तिच्या वाट्याला क्वचितच आला असेल. मांडा हे संपन्न घरचे पक्वान्न. त्याला उत्तम गहू लागतो, वस्त्रगाळ सपिटी लागते आणि वर्षानुवर्षांचा सराव असलेले हात लागतात. कोंडा म्हणजे दळण चाळल्यावर चाळणीत उरणारा भाग. ज्या घरी सपिटी येतच नाही, कोंडाच येतो, त्या घरीही पानावर काहीतरी चांगले वाढून दाखविणाऱ्या स्त्रीचे कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत, आणि ते कौतुक खोटे नाही. परंतु या म्हणीत एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला आहे. त्या घरात कोंडाच का आला, सपिटी कोणाकडे गेली, हे म्हण सांगत नाही. मांडा करणाऱ्या हातांकडे पाहता पाहता आपले लक्ष कोंड्यावरून उडते.

इतिहासकाराचेही असेच होते. राजेरजवाड्यांच्या मुदपाकखान्यांचे हिशेब दप्तरांत सापडतात. पेशव्यांच्या पंगतींत किती पक्वान्ने होती हे आपण कागदाच्या आधारे सांगू शकतो. पण महिन्याच्या वीस तारखेस डब्यातील पीठ तळाशी गेल्यावर पुढचे दहा दिवस एखाद्या बाईने कसे काढले, याची बखर कोणी लिहून ठेवलेली नाही. तिचा हिशेब तोंडी. तो दिवसाबरोबर सुरू होई आणि दिवसाबरोबर पुसला जाई. म्हणूनच अशा स्वयंपाकघरांचा हिशेब एकदा का होईना सरकारी कागदावर उतरला, ही गोष्ट आपल्या प्रांताच्या सामाजिक इतिहासात महत्त्वाची मानली पाहिजे. तो कागद काय सांगतो, आणि तो लिहिला गेल्यामुळे पुढे काय घडले, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत महागाईचा कहर झाला. १९१९ च्या जानेवारीत आणि पुन्हा १९२० च्या जानेवारीत गिरण्यांतून सार्वत्रिक संप झाले. मजुरी किती असावी हा वाद पेटला, तेव्हा मजुराला जगावयास किती लागते याचा भरवशाचा आकडा कोणापाशीच नाही, ही गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. १९२१ साली मुंबई सरकारने मजूर कार्यालय स्थापन केले व त्याची सूत्रे फिंडले शिरस या अर्थशास्त्रज्ञाकडे दिली. या कार्यालयाने १९२१-२२ साली मुंबईतील कामकरी वर्गाच्या जमाखर्चाची पाहणी हाती घेतली. चाळीचाळींतून माहिती गोळा करण्यात आली आणि २,४७३ कुटुंबांचे व ६०३ एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे हिशेब जमले. त्यांवरून सिद्ध केलेला अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला.

त्यातील ठळक आकडे असे आहेत. कुटुंबाची सरासरी मासिक प्राप्ती ५२ रुपये ४ आणे ६ पै. खर्चाच्या दर शंभर रुपयांतून अन्नावर ५६.८, सरपण व दिवाबत्तीवर ७.४, कपड्यांवर ९.६, खोलीच्या भाड्यावर ७.७ आणि इतर सर्व बाबींवर १८.५ रुपये. म्हणजे सुमारे चार माणसांच्या कुटुंबाच्या तोंडी पडणारे अन्न महिन्याला तीस रुपयांच्या आतले होते. रोजच्या हिशेबाने पाहिले तर एक रुपया, तोही पुरता नाही. त्यात धान्य, डाळ, मीठ, मिरची, तेल, गूळ, चहा, कधीमधी मासळी आणि पोरासाठी दूध, हे सारे आले.

एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली बेल्जियममधील कामकरी कुटुंबांच्या आकड्यांवरून असा सिद्धान्त मांडला होता की, कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. अर्थशास्त्राच्या वर्गात हा सिद्धान्त मी अनेक वर्षे शिकविला. फळ्यावर त्याची वक्ररेषा काढून दाखविली. पण ५६.८ हा आकडा स्वयंपाकघरात नेऊन ठेवल्याशिवाय त्याचा अर्थ खऱ्या अर्थाने उमगत नाही, असे मला आता वाटते. तो तेथे नेऊन पाहू.

पहिल्या प्रथम सरपणाकडे पाहा. खोलीचे भाडे ७.७ आणि सरपण व दिवाबत्ती ७.४! डोक्यावरच्या छपरासाठी जेवढे मोजावे, जवळजवळ तेवढेच चुलीत आणि दिव्यात जाळावयाचे. गावी जळण रानातून गोळा होई, शेणाच्या गोवऱ्या घरी थापल्या जात. मुंबईत काटकी आणि कोळसाही विकत. मग सकाळी एकदाच चूल पेटवून दोन्ही वेळच्या भाकऱ्या थापून ठेवणे, विस्तवाच्या उरल्या धगीवर कडधान्याचे भांडे ठेवून देणे, दोन शेजारणींनी एकाच चुलीवर पाळीपाळीने रांधणे, रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन आणि शिळी भाकरी कुस्करून खाणे, यांचा उलगडा होतो. बाहेरून पाहणारास हा आळस वाटे किंवा अडाणीपणा वाटे. वास्तविक तो इंधनाचा काटेकोर हिशेब होता.

दुसरी बाब खरेदीची. त्या काळी गिरण्यांचा पगार महिन्याचा महिन्याला होई, आणि तोही महिना भरल्यावर दहा-पंधरा दिवसांनी हाती पडे. नवा लागलेला मजूर दीड महिना राबल्यावर पहिला पैसा पाही. तोवर खावयाचे काय? वाण्याच्या वहीत नाव चढे, आणि एकदा चढलेले नाव सहसा उतरत नसे. रोखीने घेणारा चार दुकाने हिंडतो, धान्य हातात घेऊन पाहतो, भाव पाडून मागतो. उधारीचे गिऱ्हाईक एकाच दुकानाला बांधलेले. मापात खोट दिसली तरी त्याला बोलण्याची सोय नाही. शिवाय खरेदी थोडी थोडी. पोत्याने घेणाराला स्वस्त, पायलीने घेणाराला महाग, आणि रोजच्या रोज शेर-अच्छेराने घेणाराला त्याहून महाग! पैशाचे तेल, पैशाचे मीठ, पैशाची मिरची, असा ज्याचा बाजार, त्याला प्रत्येक पैशामागे श्रीमंतापेक्षा कमी माल मिळतो. गरिबी ही नुसती कमी पैसा असण्याची अवस्था नव्हे, असलेला पैसाही हलका होण्याची ती अवस्था आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे असा उपदेश आपण गरिबास करतो. पण त्याचे अंथरूण रोज थोडे थोडे कापले जात होते, याची दखल त्या उपदेशात नाही.

ही कापाकापी अहवालानेही टिपली आहे. पाहिलेल्या कुटुंबांपैकी ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती, आणि व्याजाचा नेहमीचा दर रुपयास दरमहा एक आणा होता. दहा रुपये काढले तर वर्षाकाठी साडेसात रुपये व्याजाचे, शेकडा पंचाहत्तर! व्याज प्रथम द्यावे लागे, भाडे प्रथम द्यावे लागे. ज्यात कपात करता येईल असे खाते एकच उरे, ते ताटाचे. सावकार थांबत नाही, चाळीचा भाडेवाला थांबत नाही, पोट मात्र थोडे थांबते. घरातील बाईची सारी कर्तबगारी या थोड्या थांबण्यावर उभी होती.

ती कर्तबगारी काय होती हे सांगावयास अहवालात रकाना नाही. पण गिरणगावातील कोणत्याही जुन्या घरी विचारले तर आजही उत्तर मिळते. डाळ मूठभर आणि पाणी तांब्याभर, तरी आमटीला चव आली पाहिजे म्हणून आमसूल आणि मिरची हात सैल सोडून घालावयाची. दोडक्याची भाजी झाली की त्याच्या शिरांची चटणी. हुलग्यांचे पाणी काढून त्याचे कळण आणि उरलेल्या हुलग्यांची उसळ. तांदळाच्या कण्यांची पेज. आठवड्याच्या बाजारात स्वस्त मिळालेली सुकट डब्यात दडवून महिनाअखेरीस बाहेर काढावयाची, कारण मुठीएवढ्या सुकटीच्या वासावर दोन भाकऱ्या जास्त जातात. या युक्त्यांतून रुचीचे एक शास्त्रच तयार झाले. पौष्टिक पदार्थ थोडा असल्यामुळे जिभेला चेव येईल असे तिखट, आंबट, खारट त्याच्या जोडीला ठेवावयाचे आणि पोट धान्याने भरावयाचे. आज हेच पदार्थ हौसेने केले जातात, त्यांची प्रशंसा होते. ते ज्या निकडीतून जन्मले ती निकड मात्र विस्मृतीत गेली आहे.

याखेरीज आणखी एक आधार होता व तो मुंबईबाहेर होता. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांतून आलेल्या मजुराने गाव सोडले तरी गावाशी नाते तोडले नाही. तो गावी पैसे पाठवी हे सर्वांस ठाऊक आहे; गावही त्याला काही पाठवी हे फारसे बोलले जात नाही. पिके निघाल्यावर कोकणातून तांदळाची, कुळथाची, आमसुलांची बोचकी येत. घाटावरून ज्वारी-बाजरी येई. बाळंतपण गावी, दुखणे गावी, म्हातारपण गावी. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मुंबईच्या कामगारांचे गावाशी असलेले हे संबंध सविस्तर उलगडून दाखविले आहेत. त्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. मुंबईचा पगार मुंबईत पुरत नव्हता, आणि जी तूट येई ती गावाकडील एखादी बाई शेतात राबून भरून काढीत होती. गिरणीच्या ताळेबंदात तिचे नाव कोठेही नाही.

आता त्या अहवालातील सर्वांत प्रसिद्ध निष्कर्षाकडे वळू. मजुरांच्या घरी किती धान्य खाल्ले जाते हे मोजल्यावर, ते पुरेसे आहे की नाही हे ठरविण्यास काहीतरी माप हवे होते. अहवालकर्त्यांनी दोन मापे घेतली. एक दुष्काळी कामांच्या नियमावलीचे आणि दुसरे मुंबई इलाख्याच्या तुरुंगांच्या नियमावलीचे. निष्कर्ष असा निघाला की, गिरणगावचा मजूर दुष्काळी नियमावलीने मंजूर केलेल्या कमाल धान्याइतके धान्य खातो, परंतु तुरुंगातील कैद्यास नेमून दिलेल्या शिध्याहून कमी खातो. वाचकांनी या वाक्यावर क्षणभर थांबावे. ज्या शहराच्या गिरण्यांचे कापड देशोदेशी जात होते, त्या शहरात भर कामधंद्याच्या दिवसांत कापड विणणारा मनुष्य, दुष्काळात खडी फोडणाऱ्याच्या पंक्तीस बसत होता आणि चोरी करून तुरुंगात गेलेल्याच्या पंक्तीस मात्र बसू शकत नव्हता.

हे कैद्याचे माप शिरस यांनी नव्याने शोधलेले नव्हते. त्याला आपल्या प्रांतात जुना इतिहास आहे. दादाभाई नौरोजी यांनी १८७६ साली मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. त्यात त्यांनी देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये ठरविले आणि त्यापुढे सरकारचेच तुरुंगखात्याचे आकडे मांडले. कैद्याच्या नुसत्या अन्नवस्त्रावर सरकार वर्षाकाठी त्याहून अधिक खर्च करीत होते. सरकारी वजनकाट्यानेच सरकारला तोलावयाचे, ही दादाभाईंची रीत त्यात पुरेपूर दिसते. जो शिधा गुन्हेगाराला जिवंत ठेवण्यास आवश्यक म्हणून तुम्हीच ठरविलात, तो निरपराध माणसाला का मिळू नये, हा तो सवाल होता.

हा निबंध वाचला जात असतानाच दख्खनवर दुष्काळाची छाया पसरत होती. १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांस दुष्काळ पाहणीसाठी मद्रास व मुंबई इलाख्यांत पाठविले. याच टेंपल यांनी १८७३-७४ साली बिहारच्या टंचाईत सढळ हाताने धान्य पुरवून लोकांचे प्राण वाचविले होते, आणि त्यापायी उधळेपणाचा ठपका पदरी घेतला होता. या खेपेस त्यांनी दुसरे टोक गाठले. दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी म्हणजे दिवसास एक रत्तल धान्याची किंमत आणि वर मीठमिरचीपुरते काही पैसे, असा दर त्यांनी सुचविला व तो अमलात आला. रत्तल म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. आजच्या पोषणशास्त्राच्या हिशेबाने त्यातून सुमारे साडेपंधराशे उष्मांक मिळतात. दिवसभर माती उपसणाऱ्या पुरुषाची गरज याहून कितीतरी अधिक असते. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला आणि तेथे काही महिन्यांतच दर वाढवावा लागला. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला हा संपच होता. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे या लोकांची बाजू मांडली. तुरुंगातल्या कैद्यालाही याहून अधिक मिळते, हा आक्षेप त्याही वादात निघाला. पुढे १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला, १८८३ साली दुष्काळी नियमावलीचा मसुदा तयार झाला, आणि माणसाने किती धान्यावर तगावे याचे कोष्टक कायम झाले. चाळीस वर्षांनी गिरणगावच्या ताटाशेजारी ठेवले गेले ते हेच कोष्टक.

येथे मला मराठीतील दोन क्रियापदांकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. ‘पुरणे’ आणि ‘भागणे’. पुरते म्हणजे गरजेइतके आहे. भागते म्हणजे गरजेइतके नाही, पण कसेबसे निभावून नेले. हा फरक आपल्या बायकांना फार चांगला कळतो; पुरते असे त्या क्वचितच म्हणतात. सरकारी कोष्टकांत मात्र हा फरक राहत नाही. जे भागले ते लिहून घेतले जाते आणि लिहून घेतलेले पुरते असे धरले जाते. टेंपल यांच्या हिशेबात हेच घडले. त्याहून सूक्ष्म रीतीने ते पुढे मुंबईत घडले.

मजूर कार्यालयाने राहणीच्या खर्चाचा निर्देशांक काढावयास आरंभ केला, तो जुलै १९१४ हा पाया धरून. १९३२-३३ साली कामकरी कुटुंबांच्या जमाखर्चाची पुन्हा पाहणी झाली आणि तिच्या आधारे जुलै १९३३ ते जून १९३४ हे वर्ष पाया धरून नवा निर्देशांक तयार करण्यात आला. ते मंदीचे दिवस होते. गिरण्या बंद पडत होत्या, मजुरी कापली जात होती. अशा दिवसांत घरातील बाईने जे विकत घेतले, जितक्या काटकसरीने घेतले, जे टाळले, ते निर्देशांकाच्या टोपलीत गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धात महागाई भत्ता या निर्देशांकाशी जोडला गेला. भत्त्याची ही व्यवस्था मजुरांच्या हिताचीच होती, हे मी नाकारीत नाही. तिच्यासाठी मजुरांना झगडावे लागले. पण तिचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. जर एखाद्या घरी दूध घेतले जातच नव्हते, तर दुधाचा भाव दुप्पट झाल्याने त्या घरचा निर्देशांक हलत नाही. जी वस्तू गरिबीने सोडावयास लावली, तिच्या महागाईची भरपाई मागण्याचा हक्कही त्याबरोबर सुटला. मंदीत त्या बाईने कोंड्याचा मांडा केला, आणि पुढच्या काळात तिला मोजून कोंडाच देण्यात आला. तिचे कसब हेच तिच्या घरच्या मागणीची मर्यादा ठरले.

आणखी एका सूक्ष्म हिशेबाचा उल्लेख करतो. घरात लहानमोठी माणसे असतात, त्यांची भूक सारखी नसते. म्हणून अशा पाहण्यांत सर्वांना एका मापात आणण्यासाठी त्या काळी लस्क या शास्त्रज्ञाचे प्रमाण वापरीत. त्यात प्रौढ पुरुष १ धरला तर प्रौढ स्त्री ०.८३. शरीराच्या गरजेचे प्रमाण म्हणून ते चुकीचे असेलच असे नाही. पण ते गरजेचे प्रमाण आहे, वाढपाचे नव्हे. पुरुष कामावर जावयाचा म्हणून आधी, मुले रडतात म्हणून मग, आणि भांड्याच्या तळाशी राहील ते घेऊन बाई शेवटी. ज्या दिवशी तळाशी काही उरत नसे, त्या दिवशी तिचे प्रमाण ०.८३ असे कोणत्या अर्थाने म्हणावे? कुटुंबात किती धान्य आले हे अहवाल सांगतो. ते उंबऱ्याच्या आत कसे वाटले गेले, हे त्याला सांगता येत नाही. वास्तविक काटकसरीचा मुख्य व्यवहार तेथेच होत होता. घराच्या अंदाजपत्रकातील तूट भरून काढण्याचे शेवटचे साधन म्हणजे त्या बाईची स्वतःची भूक.

१९४२ साली ब्रह्मदेश पडला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत धान्याचे नियंत्रित वाटप सुरू झाले. त्याच वर्षी अन्नधान्य धोरण समितीने प्रौढ माणसास दिवसाला एक रत्तल धान्य असे प्रमाण सुचविले; १९४६ साली टंचाई वाढली तेव्हा ते बारा औंसांवर, म्हणजे पाऊण रत्तलावर आले. टेंपल यांचा रत्तल आणि हा रत्तल यांत फरक आहे हे खरे. तो मजुरीचा दर होता, हा वाटपाचा. शिवाय या वाटपामुळे मुंबईतील गरिबाला काळ्या बाजाराच्या भावापासून काही संरक्षण मिळाले, आणि बंगालमध्ये त्याच १९४३ साली जे घडले ते येथे घडले नाही. तरीसुद्धा सहासष्ट वर्षांनी सरकारचा हात पुन्हा त्याच वजनावर जावा, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकास चटका लावल्याशिवाय राहत नाही.

माझी आजी त्या सुमारास लालबागेतील एका चाळीत नवी नवरी म्हणून आली होती. ती रत्नागिरीकडची, भात खाणारी. कार्डावर तांदूळ थोडा आणि ज्वारी जास्त मिळू लागली तेव्हा तिला भाकरी थापता येईना. शेजारच्या साताऱ्याकडच्या बाईने तिला भाकरी शिकविली. बदल्यात आजीने तिला कुळथाचे पिठले शिकविले. रांगेत उभे राहण्याची पाळी दोघींनी वाटून घेतली होती. त्या दिवसांविषयी मी तिला पुष्कळ विचारले. कसे पुरत होते, असे विचारले की ती म्हणे, “पुरतंय कसलं! भागलं बाबा.” तेव्हा मला तो केवळ बोलण्याचा प्रकार वाटला. पुढे मजूर कार्यालयाचे अहवाल वाचताना, कोष्टकांच्या रकान्यांत जो शब्द सापडत नव्हता तो हाच, हे माझ्या ध्यानात आले.

स्वयंपाकघरातील हे कसब एकाच ठिकाणी पैशांत मोजले गेले, व ते म्हणजे गिरणगावची खाणावळ. एकट्या राहणाऱ्या गड्यांना दोन वेळ जेवू घालून महिन्याचे ठराविक पैसे घेणाऱ्या शेकडो बायका परळ, लालबाग, वरळी, भायखळा या भागांत होत्या. दहा-पंधरा माणसांचा शिधा एकदम भरल्याने काही बचत होई. पण पैसे मिळत ते पगारानंतर, आणि वाण्याला व सावकाराला व्याज चालू. उधारीची साखळी जी गिरणीपासून सुरू होई, तिची शेवटची कडी या बाईच्या हातात असे. संप झाला की तिची खरी परीक्षा. पगार बंद, तरी गडी जेवायचे थांबत नसत. त्यांना उपाशी कसे ठेवावयाचे म्हणून ती दागिने गहाण टाकी. मुंबईतील मोठमोठ्या संपांचे इतिहास लिहिले गेले, त्यांत पुढाऱ्यांची भाषणे आली. पण संप किती दिवस टिकेल हे पुष्कळदा या बायकांच्या पिठाच्या डब्यावर ठरत होते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. बँकेने तारण काय म्हणून पाहिले असेल ते असो. माझ्या मते दरमहा रुपयास एक आणा व्याज भरूनही जी वीस माणसांना जेवू घालते, तिच्याहून भरवशाचा ऋणको दुसरा कोण असणार? ही चळवळ उभी राहीपर्यंत गिरण्यांना शंभर वर्षे उलटून गेली होती, आणि ज्यांच्यासाठी ती उभी राहिली त्या गिरण्याही १९८२ च्या संपानंतर फार काळ राहिल्या नाहीत.

या विवेचनावरून काटकसर ही निरर्थक आहे असा अर्थ कोणी काढू नये. ज्या घरी उद्याची भाकरी आज जपून ठेवली गेली, त्या घरची मुले जगली. तुमच्याआमच्यापैकी अनेकजण त्याच जपणुकीचे फळ आहोत. मध्यमवर्गाच्या घरांतही पै-पैचा हिशेब लिहिला गेला आहे व त्याचा अभिमान बाळगावा असाच तो आहे. माझे म्हणणे इतकेच की, काटकसरीचे कौतुक करताना ते कोणाच्या सोयीचे आहे, हे पाहावे. गरीब घरातील बाई थोडक्यात भागविते, हे तिचे कर्तृत्व. पण तिचे भागते म्हणून तिला अधिक देण्याचे कारण नाही, असा निष्कर्ष त्यातून काढणे हा तिच्या कर्तृत्वाचा उपयोग तिच्याच विरुद्ध करणे होय. १८७७ साली असा निष्कर्ष उघडपणे काढला गेला, नंतरच्या काळात तो आकड्यांच्या आड गेला. आजही किमान वेतनाची किंवा दारिद्र्यरेषेची चर्चा निघाली म्हणजे, गरीब माणूस सध्या काय खातो यापासून ती सुरू होते. त्याने काय खावयास हवे हा प्रश्न पुष्कळदा मागून येतो.

मजूर कार्यालयाचा तो अहवाल मी अजूनही अधूनमधून काढून पाहतो. त्यातील कोष्टके प्रामाणिक आहेत. ज्यांनी ती केली त्यांनी मजुरांचे ताट कैद्याच्या शिध्याशेजारी ठेवून सरकारी कागदावर जे लिहिले, ते लिहावयास धैर्य लागले असेल. त्यांचे काम तेथे संपले. ते आकडे पुन्हा चुलीपाशी नेऊन, प्रत्येक कोष्टकाखाली कोणाची भूक झाकली गेली आहे हे विचारण्याचे काम मात्र आपल्याकडे राहिले आहे. माझ्या आजीच्या हातची भाकरी शेवटपर्यंत साताऱ्याच्या धर्तीची होती, मोठी आणि पातळ. तशी का थापतेस, असे विचारले असता ती म्हणे की, पातळ थापली म्हणजे एक भाकरी जास्त होते.